आबांचे स्पीकर

"अजून वाढव," आबा म्हणाले.

इरफानभाईंनी बटण फिरवलं. काउंटरवरचा चहाचा ग्लास थरथरत कडेकडे निघाला, तो मी वेळेवर पकडला. शेजारच्या सलूनमधून अर्धी दाढी झालेला एक माणूस गळ्यातल्या फडक्यासकट बाहेर आला आणि आमच्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेनं बघून परत गेला.

"अजून."

"आबा, ह्याच्या वर नेला तर समोरच्या दवाखान्यातले पेशंट सलाईनसकट पळतील!" इरफानभाईंनी हात जोडले.

सांगलीत गाड्यांना टेप, स्पीकर, हॉर्न बसवून देणारं त्यांचं दुकान. दुकानासमोर माझी मोटरसायकल उभी होती. तिच्या मागच्या सीटवर पांढरा नेहरू शर्ट आणि विजार घातलेले माझे वडील, आत्ताच कुठे निघायचंय अशा थाटात बसले होते. इरफानभाईंनी तात्पुरत्या वायरी जोडून दोन मोठे स्पीकर मागच्या डिक्क्यांवर ठेवले होते, त्यांतून एक गाणं रस्ताभर चाललं होतं.

"गाणं नगं," आबा म्हणाले. "माणसाचं बोलणं लावा. बातम्या-बितम्या."

इरफानभाईंनी बातम्या लावल्या. आबांनी मान तिरकी करून थोडा वेळ ऐकलं आणि हात हलवला. "इथं ठीक हाय. पर गाडी पळाय लागल्यावर वाऱ्यात काय ऱ्हाईल ह्यातलं? ह्याच्यापरीस मोठं न्हाईत का?"

"आहेत की. अँप्लिफायर वेगळा टाकावा लागेल. बॅटरी पण मोठी." इरफानभाई माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, तुम्ही सांगा. गाडी तुमची."

गाडी माझी होती, आणि मला तिच्यावर आवाज नको होता. माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. दिवसभर क्लच सोडा, क्लच सोडा म्हणून ओरडून माझे कान किटलेले असायचे. ही लांबच्या प्रवासाची मोटरसायकल मी पुण्याच्या एका डॉक्टरकडून जुनी घेतली ती रविवारी दोन तास शांत मिळावेत म्हणून. कंपनीनं पुढच्या काचेखाली दोन स्पीकर दिलेले होते. ते वेगात फारसे ऐकू यायचे नाहीत, आणि माझी त्याबद्दल काहीच तक्रार नव्हती. माझे यजमान बँकेत. त्यांना मागच्या सीटवर बसलं की गरगरतं, म्हणून ती सीट आबांकडे गेली होती. गुडघे दुखायला लागल्यापासून एस.टी.च्या पायऱ्या त्यांना नको वाटत. मग हंगामात कुस्त्यांच्या दर मैदानाला मीच त्यांना घेऊन जायची.

"मैदान होऊ द्या, मग बघू," मी म्हटलं. "आहेत ते स्पीकर चांगले आहेत."

सीटवरून उतरताना आबांनी त्या मोठ्या स्पीकरवर एकदा हात ठेवला, बाजारात आवडलेला बैल सोडून निघावं लागल्यासारखा. मला जरा विचित्र वाटलं. त्यांनी उभ्या आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. घड्याळसुद्धा मीच बळंच घेऊन दिलेलं. आणि गाण्यांचा तर त्यांना मुळीच नाद नव्हता.

आबा म्हणजे ज्ञानदेव थोरवत, कुस्त्यांच्या मैदानाचे निवेदक. ज्यांनी मैदान बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. जत्रेत मातीच्या आखाड्याशेजारी टेबल टाकलेलं असतं. तिथे एक माणूस दुपारपासून दिवस मावळेपर्यंत माईकवर बोलत असतो. पैलवान कुठल्या तालमीचा, त्याचा वस्ताद कोण, कुणी किती इनाम लावलं, आत्ता कुठला डाव पडतोय आणि त्याच्यावर तोड काय, सगळं तो सांगतो. हजारो माणसं बसलेली असतात. लांबच्यांना कुस्ती नीट दिसत नाही. त्यांना ती त्या माणसाच्या तोंडून दिसते. सांगली, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात आबांचा आवाज भोंग्यातून आला की बायका भाकरी करता करता सांगायच्या, आज थोरवत आबा आलेत. घरात मात्र ते गप्प. आई म्हणायची, सगळं मैदानात संपवून येतात, घराला शिळंसुद्धा उरत नाही.

आणि प्रत्येक मैदानाच्या सुरुवातीला ते एक वाक्य न चुकता म्हणायचे. "निवेदक आज हितं आलाय त्यो आपल्या लेकीच्या गाडीवर बसून, गाडी लेकीनं चालवलीय." चार हजार माणसं माझ्याकडे वळून बघायची. मी हेल्मेट कुठे लपवावं अशी उभी असायची. पण खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं.

त्या वर्षीचं हिंगणमाळचं मैदान म्हणजे आमच्या स्वतःच्या गावचं. यात्रा कमिटीवर रणधीर इनामदार नवा अध्यक्ष झाला होता. गावातलाच, पण वाढला कोल्हापुरात. ठेकेदारी करायचा आणि अंगाला इतकं सेंट फासायचा की तो वळणावर असतानाच कळे. त्याला मैदान चकाचक करायचं होतं. कोल्हापूरहून त्यानं एक तरुण निवेदक ठरवला होता. आबांना घरी येऊन गोड शब्दांत सांगून गेला होता, "आबा, यंदा तुम्ही आहातच. पण वयही झालं. एवढं मैदान बघू, पुढचं पुढं."

म्हणजे त्या मैदानात आबांची जीभ कुठे अडखळली असती, तर गावचा माईक त्यांच्या हातून जाणार हे ठरलेलं होतं. चाळीस वर्षं धरलेला माईक.

मैदानाच्या दिवशी सकाळी आम्ही सांगलीहून निघालो. आबांनी हेल्मेट घातलं, फेटा डिकीत ठेवला. पेठ नाक्याच्या अलीकडे एका टपरीवर चहाला थांबलो. आबा रस्त्याकडे पाठ करून बाकावर बसले आणि बशीत चहा ओतू लागले. मी पैसे द्यायला उठले.

तेवढ्यात एक उसाचा ट्रक टपरीला घासून गेला आणि त्यानं असा भोंगा वाजवला की टपरीवाल्याच्या हातातलं पातेलं सुटलं. दोन कॉलेजची पोरं जागच्या जागी उडाली. एक कुत्रं केकाटत पळालं.

आबा शांतपणे बशीवर फुंकर मारत होते.

त्यांची पापणीसुद्धा लवली नव्हती. मग समोरच्या पोरांचे चेहरे बघून त्यांनी मागे वळून पाहिलं, तर ट्रक पार लांब गेलेला.

मी जाऊन त्यांच्या पाठीमागे उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "आबा, बिस्कीट घेणार?" काही नाही. जरा मोठ्यानं म्हटलं. काही नाही. पोरं माझ्याकडे बघायला लागली. मग मी समोर जाऊन बसले.

"कधीपासून ऐकू येत नाही?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं आणि एकदम नजर काढून घेतली. "येतंय की. आत्ता वाऱ्यामुळं..."

"आबा, गाडी बंद आहे. वारा कुठला?"

आबांनी बशी खाली ठेवली. कुणी ऐकत नाही ना हे बघून घेतलं. एवढा मोठा माणूस, आणि शाळेत चोरी पकडलेल्या मुलासारखा माझ्यासमोर बसला होता. मला ते बघवेना.

"डावा कान पार गेलाय," ते म्हणाले. "उजव्यात जरा गुणगुण हाय. भोंग्याखाली बसून जन्म गेला, व्हायचंच. समोरचा बोलला की तोंडावरनं समजतं मला. तुज्या आईला सुदीक कळलं न्हाई."

"आणि मैदानात?"

"मैदानात काय ऐकायचं असतंय? बगायचं असतंय." मग आवाज उतरवून म्हणाले, "शैलू, आजचा दिस कुणाला बोलू नगंस. रणधीरला निमित्तच पायजे. भैरा निवेदक म्हटल्यावर त्यो मला टेबलाला बी बसू द्यायचा न्हाई."

उरलेला रस्ता मी कसा काटला ते माझं मला ठाऊक. पंचाची शिट्टी ऐकू येणार नाही. इनाम लावणारा गर्दीतून नाव ओरडेल, ते ऐकू येणार नाही. हलगीची लय ऐकू येणार नाही, आणि आबांचं बोलणं तर सगळं हलगीच्या लयीवर चालायचं. गावासमोर, रणधीरसमोर, त्या तरुण निवेदकासमोर कुठेतरी हे उघडं पडणार, आणि मी कडेला उभी राहून बघत बसणार. एकदा वाटलं गाडी वळवावी आणि सांगावं पंक्चर झाली.

वळवली नाही. आबा मागे ताठ बसले होते.

मैदान भरलं. आबांनी गुलाबी फेटा बांधला, माईकला नमस्कार केला आणि लेकीच्या गाडीचं वाक्य म्हणून सुरुवात केली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला काळा चष्मा लावलेला तो तरुण निवेदक बसला होता. रणधीर पांढऱ्या कपड्यांत इकडून तिकडे फिरत होता. मी टेबलाजवळ खांबाला धरून उभी राहिले. काही चुकलंच तर निदान जवळ असावं म्हणून.

पहिली कुस्ती लागली. आबा बोलत होते, "एकेरी पट काढला, मंडळी, पायाला मिठी घातलीया, आता हा उचलतोय का बसतोय बगा..." आणि पंचानं शिट्टी मारली. मी डोळे मिटणार, तेवढ्यात दिसलं की शिट्टीबरोबर पंचानं टेबलाकडे तोंड करून उजवा हात सरळ वर केलाय. आबा त्याच क्षणी म्हणाले, "कुस्ती चितपट!"

नशीब, मला वाटलं.

मग गर्दीतून एक म्हातारे गृहस्थ इनाम लावायला उठले. खरं तर जागेवरून ओरडायची पद्धत. हे मात्र माणसांच्या पायांवरून, शिव्या खात, टेबलाच्या पुढे आले, आबांच्या समोर उभे राहिले आणि सावकाश, तोंड पूर्ण उघडून आपलं नाव सांगितलं. आबांनी ते जसंच्या तसं भोंग्यातून मैदानभर पसरवलं. त्यांच्यानंतर दुसरा आला, तोही वळसा घालून समोरूनच. आणि हलगीवाले सदाकाका आवळे आखाड्याभोवती फिरत वाजवायचं सोडून आबांच्या थेट नजरेसमोर उभे होते. कुस्ती रंगली की त्यांची हलगी छातीपर्यंत चढायची, पेटली की डोक्याच्या वर जायची. आबांचा आवाज त्या हलगीबरोबर चढत होता. मी बघत राहिले, आणि हळूहळू लक्षात आलं, हे नशीब नाही.

दुपारी जोड्या ठरवण्यासाठी थोडा खंड पडला. सदाकाका हलगी शेकायला पेटवलेल्या जाळाजवळ बसले होते. मी जाऊन उकिडवी बसले.

"सदाकाका, आबांना..."

"ऐकू येत न्हाई, ह्येच न्हवं?" त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही. "दोन हंगाम झालं, ताई. एका मैदानात पंचानं शिट्टी मारली, कुस्ती सुटली, पैलवान माती झटकाय लागलं, आन आबा आपलं बोलत्यातच. लोकास्नी वाटलं, रंगात आल्यात. मला कळलं. मी म्होरं जाऊन हात वर केला तवा थांबलं."

"मग?"

"मग पंचास्नी सांगितलं. त्येंनी वस्तादास्नी. तवापास्नं शिट्टीबरुबर हात वर करायचा, अशी रीतच पाडलीया. कुटलं बी मैदान असूंदे. नवा पंच आला की त्येला बी पैलं ह्येच सांगत्यात. इनामवाला म्होरनं येतो. पैलवान नाव सांगाय आला तर खाली मान घालून बोलत न्हाई."

"सगळ्यांना माहीत आहे?"

"तालमीतल्या समद्यास्नी. फकस्त आबास्नी म्हाईत न्हाई, की आमास्नी म्हाईत हाय."

"आणि रणधीर?"

"त्येचा पाय कदी मातीला लागलाय?" सदाकाकांनी हलगी उलटी करून शेकायला धरली.

"काका, पण कुणी त्यांना बोललं कसं नाही?"

"बोलायचं काम त्येंचं हाय, ताई. आमी मैदानाला ऐकाय येतो."

तीन जिल्ह्यांतली माणसं, एकमेकांच्या तालमींशी वर्षानुवर्षं उभा दावा असलेली, एकेका निकालावरून डोकी फोडणारी, आणि या एका गोष्टीत कुणी शब्द फुटू दिला नव्हता. मी सांगलीत बसून आबांना कंपनीचे स्पीकर चांगले आहेत म्हणून पटवत होते. मला हसूही येत होतं आणि रडूही.

ऊन उतरल्यावर शेवटची, एक नंबरची कुस्ती लागली. दोन्ही पैलवान नाव काढलेले. सगळं मैदान उठून उभं राहिलं. सलामी झाली आणि रणधीर आबांच्या पाठीमागे येऊन उभा राहिला. बरोबर तो काळ्या चष्म्याचा तरुण.

"आबा," रणधीर म्हणाला, "ही कुस्ती यांना द्या. माईक द्या इकडं."

आबा बोलत होते. "डाव्या अंगाला नजर ठेवा, मंडळी! त्यो जो हात मानंवर हाय, त्यो नुसता ठेवलेला न्हाई, त्यो काम करतोय..."

"आबा, माईक!" रणधीर मोठ्यानं म्हणाला. पुढच्या रांगेतल्या लोकांनी ते ऐकलं. रणधीरनं हात पुढे केला, तो आता आबांच्या खांद्यावर पडणार होता. तेवढ्यात सदाकाकांनी हलगी डोक्याच्या वर नेली आणि असा काही कडकडाट सुरू केला की रणधीरचं तिसरं वाक्य त्याला स्वतःला ऐकू आलं नसेल. हलगीच्या साथीला घुमकं वाजवणारा त्या कडकडाटात सामील झाला. आणि मैदानातून कुणीतरी ओरडलं, "बोला आबा!" मग दुसऱ्या बाजूनं. मग सगळीकडून. रणधीरचा हात हवेत तसाच राहिला. त्या तरुणानं चष्मा काढला आणि त्यानंच रणधीरला दंडाला धरून मागे घेतलं. पोरगा शहाणा होता, पुढे त्यानं चांगलं नाव कमावलं.

आबांनी मान वळवली नाही. "घिस्सा! घिस्सा मारणार! मारणार... सुटला, मंडळी! कसा सुटला, पायाला इचारा, कमरंला इचारा, पर ज्या आईनं दूद पाजलं तिला आदी इचारा! पुन्ना भिडलं... आता ढाक... ढाकंवर घेतला, घेतला, घेतला..." हात वर गेला. "आन दावलं आस्मान!"

मैदान फुटलं. टोप्या, फेटे हवेत उडाले. मी खांबाला धरून लहान मुलीसारखी उड्या मारत होते. त्या दिवशी एवढ्या आवाजात जो एकटा माणूस शांततेत उभा होता, तोच सगळ्यांना ऐकू येत होता, आणि तो माझा बाप होता. मला इतका अभिमान आयुष्यात दुसऱ्या कशाचा वाटलेला नाही. माझ्या स्वतःच्या कशाचाही नाही.

देवळामागे गाडी उभी केली होती तिथे आम्ही आलो तेव्हा अजून उजेड होता. आबांनी फेटा उतरवून त्याची नीट घडी केली.

"मगाशी रणधीर माज्या मागं हुता न्हवं?" त्यांनी विचारलं.

मी चमकले. "तुम्हाला कसं कळलं?"

"सेंट आलं की. आयतीच शिंक येत हुती, दाबली." ते गालात हसले. "काय म्हणत हुता?"

"झकास चाललंय, म्हणत होता."

"म्हणत आसंल, म्हणत आसंल," आबा म्हणाले आणि आम्ही दोघंही हसत सुटलो.

मग मी त्यांच्या समोर उभी राहून विचारलं, "आबा, एक सांगा. गाणी तुम्ही ऐकत नाही. कान हे असे. मग गाडीला मोठे स्पीकर कशाला हवे होते?"

त्यांनी फेटा डिकीत ठेवला. मग खिशातून मोबाईल काढला. "ह्यात माजं बोलणं हाय. मागल्या साली एका पैलवानानं धरून दिलं, आख्खं मैदान. कानाला लावून बगितलं, नुसती खरखर. घरात मोट्यानं लावावं तर तुज्या आईला कळंल. शेजारी इचारतील. गाडीवर कसं हाय, समदंच भैरं. तितं वाढव म्हटलं तर कुणाला काय वाटत न्हाई."

"आणि ऐकून काय करायचं होतं?"

"शैलू, माजा आवाज मी दोन सालं ऐकला न्हाई." हे त्यांनी हवापाणी सांगावं तसं सांगितलं. "लोक म्हणत्यात, आबा बेस बोलला. लोक तोंडावर बेसच म्हणत्यात. म्हाताऱ्याला कोण वाईट बोलतंय? पर फाटला आसंल, घसरत आसंल, तर मला कसं कळायचं? मला बगायचं हुतं, माईक धरायच्या लायकीचा मी हाय का न्हाई. नसंन तर रणधीर म्हणतोय त्येच खरं. आपनच खाली ठेवावा."

सदाकाकांनी सांगितलेलं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं, लोक इतके दिवस आपल्याला सांभाळून घेतायत, आपलं कौतुकही त्यातलंच. मी ते पोटात ठेवलं. आजवर ठेवलंय.

"कानाच्या डॉक्टरकडे जाऊ," मी म्हटलं. "हल्ली छान यंत्रं मिळतात."

"जाऊ की. पर आदी ह्ये. यंत्रातनं न्हाई ऐकायचं मला."

"स्पीकर म्हणजे यंत्रच की, आबा."

"त्यो भोंगा," आबा म्हणाले. "मैदान भोंग्यातनं ऐकतं. मला मैदानासारखं ऐकायचं हाय."

दुसऱ्या दिवशी शटर वर जायच्या आधी मी इरफानभाईंच्या दुकानासमोर उभी होते.

"ताई, तुम्ही तर नको म्हणाला होता."

"सगळ्यात मोठे लावा. बॅटरी, अँप्लिफायर, काय लागेल ते. पण मागच्या सीटजवळ, बसणाऱ्याच्या कानाशी येतील असे."

"तुम्हाला चालवताना त्रास होईल हो."

"मी दिवसभर क्लच सोडा म्हणून ओरडते, इरफानभाई. मला काही होत नाही."

त्यांनी लोखंडी पट्ट्या वाकवून मागच्या सीटच्या टेकूच्या दोन्ही बाजूंना ते स्पीकर असे बसवले की गाडी मागून लग्नाच्या मांडवासारखी दिसायला लागली. माझ्या रविवारच्या शांततेचं तिथेच श्राद्ध झालं. पुढच्या रविवारी आबांना बसवून मी गाडी गावाबाहेर काढली. हिंगणमाळचं मैदान आता माझ्या फोनमध्येही होतं, कुणीतरी सगळं धरून पाठवलेलं. एक नंबरची कुस्ती लावली आणि आवाज होता नव्हता तेवढा वाढवला.

माझ्या पाठीमागून मैदान गरजायला लागलं. बैलगाडीवाले थांबून बघत होते. एका सायकलवाल्यानं रस्ता सोडून थेट चरात उडी घेतली. थोडं पुढे गेल्यावर आबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "थांबव! थांबव!"

मला वाटलं बिनसलं काहीतरी. मी गाडी कडेला घेतली. आबांनी हेल्मेट काढलं, खाली उतरले, उजवा कान स्पीकरच्या जाळीला जवळजवळ चिकटवला आणि डोळे मिटून उभे राहिले. शेजारच्या फडात ऊस तोडणारी माणसं कोयते घेऊन बांधावर आली. भोंग्यातले आबा पायाला इचारा, कमरंला इचारा म्हणत होते आणि खाली उभ्या असलेल्या आबांचे ओठ नुसतेच हलत होते. दोन ठिकाणी त्यांनी कपाळाला आठी घातली. ढाक बसली तेव्हा त्यांची छाती वर आली. आस्मान दावल्यावर बांधावरच्या एकानं टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच.

"कुठलं मैदान हो, ताई?" एक बाई ओरडून म्हणाली. "कोन बोलतंय ह्ये?"

"हे काय, समोर उभे आहेत," मी म्हटलं. माझे डोळे भरून आले होते आणि मी ते पुसले नाहीत. "माझे वडील आहेत."

आबांनी डोळे उघडले. कान जाळीवरून काढला. माझ्याकडे बघितलं आणि, देवाशप्पथ, लाजले.

"बरा बोलतोय की गं गडी," ते म्हणाले. "दोन जाग्याला घाई करतोय. त्येवढं काढतो." मग नेहरू शर्ट खाली ओढून म्हणाले, "रणधीरला फोन लाव."

"तुम्हीच बोला."

"मला त्येचं ऐकू यायचं न्हाई."

"त्याचं ऐकायचंय कुणाला?"

मी फोन लावून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो माईकसारखा तोंडापुढे धरला, रस्त्याकडे पाठ केली आणि मैदानात बोलतात त्याच आवाजात, त्या उसाच्या फडाला ऐकू जाईल असं म्हणाले, "रणधीर, थोरवत बोलतोय. पुडल्या सालचं हिंगणमाळचं मैदान मी घेतलंय. शेवटच्या कुस्तीसकट. पावसापाण्याचं बगा, मंडप जरा मोटा घाला. ठेवतो."

आणि फोन बंद न करताच त्यांनी माझ्याकडे दिला. मी कानाला लावला, तर रणधीर अजून "हो आबा, हो आबा" म्हणत होता.